तुझ्या गाडीत आई कुठंय?

"रात्री तीनला माझा जॉब उडाला," असं नवरा सकाळी चहा पिताना म्हणाला आणि सासूबाईंच्या हातातली गाळणी तशीच कपावर राहिली. त्यांना वाटलं नोकरी गेली. मग त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला, की जॉब म्हणजे कॉम्प्युटरवर लावून ठेवलेलं मोठं गणित, ते एरर देऊन मध्येच बंद पडलं, बाकी काही नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मग गणित चुकलं म्हण की. सकाळी सकाळी जीव घेतोस."

आमच्या घरात गेली कितीतरी वर्षं हे असंच चाललंय. एका टू बीएचकेत दोन पीएचड्या. माझी मीडिया स्टडीजमधली, मराठी मासिकांतल्या जाहिरातींमधली आई हा विषय, आणि नवऱ्याची मेकॅनिकलमधली, गाडी धडकली की आत बसलेल्या माणसाचं आणि त्याच्या सीटबेल्टचं काय होतं ते फायनाइट एलिमेंटने, म्हणजे कॉम्प्युटरवर गाडीचे बारीक तुकडे पाडून, बघायचं. लग्नाकार्यात कुणी विचारलं की त्याचं ऐकून लोक "अरे वा, म्हणजे एकदम टेक्निकल" म्हणायचे आणि माझं ऐकून "अच्छा, म्हणजे आईवर निबंध". सुरुवातीला राग यायचा, नंतर मीच तसं सांगायला लागले. माझी झाली आता, त्याची व्हायचीय. बरेच जण विचारतात कसं केलंत दोघांनी, बाळ कसं सांभाळलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय, जमेल तसं.

मी पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, दिली 2016 ला. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, नव्हती, त्यामुळे तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संशोधन. म्हणजे सीएचबी, ज्यांनी केलंय त्यांना माहितीय, दिवाळीची सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी लागते. गाइड मॅडमकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी मोठ्या झोकात सांगितलं की मला 'मराठी माध्यमांतील मातृत्व' करायचंय. मॅडम म्हणाल्या, "अगं हा समुद्र आहे, तू तांब्याभर घे." मग तांब्या शोधण्यात एक वर्ष गेलं. सिनेमा घ्यावा की मालिका घ्याव्यात, की इन्स्टावरच्या मॉम ब्लॉगर घ्याव्यात. आरआरसीपुढे, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, प्रेझेंटेशन दिलं तेव्हा तिथले एक सर म्हणाले 'श्यामची आई' घ्या ना, त्याच्याशिवाय मराठीत आईवर बोलणार कसं. आता हे खोटं नाहीच. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक आणि 1953 चा अत्र्यांचा सिनेमा, ज्याला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, त्या मापाने आपल्याकडे अजून प्रत्येक आई मोजली जाते. पण त्यावर सगळ्यांचं लिहून झालंय, आणि लिहिताना सगळे रडतात. मला न रडता बघता येईल अशी आई हवी होती. ती मला सापडली दोन कथांच्या मधल्या चौकोनात, डबा हातात धरून हसणारी.

इथे एक शब्दांची गंमत सांगते, कारण माझा अख्खा पहिला चॅप्टर त्याच्यावर उभा आहे. आपल्याकडे 'मातृत्व' आणि 'आईपण' असे दोन शब्द आहेत आणि आपण ते कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. मातृत्व हे बोर्डावर असतं, सरकारी योजनेत असतं, भाषणात असतं. आईपण घरात असतं, बहुतेक वेळा थकलेलं. एड्रियन रिच या अमेरिकन कवयित्रीने 1976 मध्ये अख्खं पुस्तक लिहून जो फरक मांडला, आईपणाचा अनुभव वेगळा आणि मातृत्व नावाची संस्था वेगळी, तो आपल्या भाषेत आयता पडलेला आहे. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या छान आहे, पण आता जाहिराती मोज.

मोजायच्या तर आधी मिळायला हव्यात. 'किर्लोस्कर' 1920 पासूनचं, 'स्त्री' 1930 पासूनचं. रघुनाथ धोंडो कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' 1927 पासून, त्यात तर आई व्हायचं की नाही हे बाईने ठरवावं असं तेव्हा छापून येत होतं आणि कर्वे त्यासाठी कोर्टात खेटे घालत होते. पुढे विद्या बाळांनी 1989 ला सुरू केलेलं 'मिळून साऱ्याजणी'. पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात मी रोज दुपारी जाऊन बसायचे, बांधीव खंड काढून द्यायचे ते काका फार चांगले होते पण जुन्या बाइंडिंगवाल्यांनी एक घोळ करून ठेवलेला, कव्हर आणि जाहिरातींची पानं काढून टाकून मग खंड बांधलेत. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, जाहिरात कोण जपून ठेवतं. पण मला कथा नको होत्या, मला नेमका तो कचराच हवा होता. आणि तेवढ्यात मार्च 2020 आला आणि ग्रंथालयच बंद.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पलूसच्या माळ्यावर बघितलंस का?"

पलूस म्हणजे त्यांचं माहेर, त्यांचे वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात होते. मासिकं घरी यायची, आणि त्या घरातली पद्धत अशी की छापलेला कागद टाकायचा नाही. लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर आम्ही गेलो, नवरा शिडी लावून माळ्यावर चढला आणि वरून ओरडला, "आई, इथे सगळं सुतळीने बांधलेलंय!" सालवार गठ्ठे. कसर लागलेले, कडा खाल्लेले, एका गठ्ठ्यात उंदराचं घर, पण जाहिरातींची पानं जागेवर. मी तिथेच सोप्यात बसकण मारली. तीन दिवस आम्ही दारात चादर अंथरून, उन्हाच्या उजेडात, मोबाइलवर फोटो काढत होतो. चौदाशेच्या वर फोटो झाले.

सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसायच्या आणि अधूनमधून मान वर करून बघायच्या. दुधाच्या पावडरीची एक जाहिरात निघाली, गुटगुटीत बाळ, भरजरी साडीतली आई, केसात गजरा. त्या म्हणाल्या, "बाळ दीड-दोन महिन्यांचं दिसतंय की गं. मग ही बाळंतीण अशी बसलीय होय? डोक्याला फडकं नाही, बाजेखाली शेगडी नाही. ही तर लग्नाला निघालीय." मी तेव्हा नुसती हसले. रात्री झोप लागेना म्हणून उठून सगळे फोटो परत चाळले. एकाही जाहिरातीत बाळंतीण नव्हती. बाळं होती, ढिगाने. आया होत्या. पण बाळंतपण झालेलं शरीर, शेक-शेगडी, ओव्याची धुरी, अळिवाची खीर, सुटलेलं पोट, यातलं काही म्हणजे काहीच नव्हतं. बाळ डब्यातून निघाल्यासारखं.

आणि तो डबाही त्यांनी घरात वापरलेला होता. "डॉक्टर म्हणाले अंगावरचं पुरत नाही, हे पाजा. म्हणून आणला. महाग असायचा. मग मी जरा पातळ करायची." असं म्हणून थोडं थांबल्या. "डबा मात्र चांगला होता, पुढे दहा वर्षं त्यात तूरडाळ ठेवली." डब्यातली पावडर पुरावी म्हणून ती पातळ करून पाजणं, हा जगभर गरीब देशांत झालेला प्रकार आहे, त्यावर सत्तरच्या दशकात मोठं आंदोलन झालं, 1981 ला जागतिक आरोग्य संघटनेने आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातबाजीवर आचारसंहिता केली, आणि आपल्याकडे 1992 चा कायदा आला, 2003 ला तो अजून कडक झाला, दोन वर्षांखालच्या बाळाच्या दुधाची-आहाराची जाहिरात करायची नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं, नोट्स काढलेल्या होत्या, तळटीपा तयार होत्या. आणि शेजारी तांदूळ निवडत बसलेली बाई म्हणते मी जरा पातळ करायची.

असो. नव्वदीनंतरच्या माझ्या गठ्ठ्यात ती दुधाच्या डब्याची आई गायब होते. कायद्याने काढलीच तिला. मग ती जाते कुठे, तर शाळेच्या गेटपाशी. मूल मोठं होतं, डबा चॉकलेटी पावडरीचा होतो, आणि आता वजनाऐवजी उंची आणि मार्क. आईच्या चेहऱ्यावरची काळजी तीच.

आता कॉम्प्युटरचा भाग, कारण लोकांना तोच इंटरेस्टिंग वाटतो.

एवढे फोटो डोळ्यांनी वाचून मोजणं शक्य नव्हतं, म्हणजे शक्य होतं पण आरआरसीत कुणीतरी म्हणालं होतं की हल्ली डिजिटल ह्युमॅनिटीज वगैरे करतात ते करा. नवरा लगेच तयार. त्याला वाटलं रविवारचं काम आहे. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लावायचं, जाहिरातीतला मजकूर काढायचा, 'आई' शब्द शोधायचा, वर्षवार ग्राफ, झालं. त्याने तसं केलं आणि अभिमानाने ग्राफ आणला, ज्यात एप्रिल-मेच्या अंकांत आईची संख्या दणकून वाढत होती. उन्हाळ्यात मातृप्रेम का वाढतं याच्यावर मी दोन दिवस खरंच विचार केला हो. थिअरीही सुचली होती मला, सुट्टी, आजोळ, मामाचं गाव. मग मूळ मजकूर उघडून बघितला. आईस्क्रीम. आईस्क्रीम आणि आईस्क्रीमचा पॉट.

तिथून पुढे आम्ही जे काही शिकलो ते सगळं असंच, ठेच लागून. आई, आईने, आईला, आईच्या, आईकडून, आईपेक्षा हे सगळं एकच आहे हे आपल्याला कळतं, कोडला नाही. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या अंकांत 'आईनें', 'आईचें' असं अनुस्वारासकट छापलंय, ते मशीनच्या लेखी अजून वेगळे शब्द. पिवळ्या कागदावर अनुस्वार कुठला आणि कसरीने पाडलेलं भोक कुठलं हे ओसीआरला कळत नाही, प्रामाणिकपणे सांगायचं तर मलाही दोनदा कळलं नव्हतं. आजच्या पोस्ट तुलनेसाठी घेतल्या तर त्यात 'आईला' हा शब्द अर्ध्या वेळा चतुर्थी होता आणि अर्ध्या वेळा शिवी. आणि सगळ्यात मोठा घोटाळा स्टॉपवर्डचा. म्हणजे 'आणि', 'आहे', 'हा', 'ते' असले शब्द काढून टाकायची एक तयार यादी मिळते, आम्ही ती डोळे झाकून लावली. त्या यादीत 'नाही' होता. 'आता बाळ रडत नाही' अशी ओळ असलेली जाहिरात आमच्या डेटात 'बाळ रडत' म्हणून जमा झाली. चार महिने माझ्या प्रबंधातली सगळी बाळं रडत होती.

नवरा पहिल्यांदा तेव्हा म्हणाला, "तुझा विषय अवघड आहे गं." लग्नाला सहा वर्षं झाली होती.

पण खरा भाग पुढे आला. शब्दांनी काही हाती लागेना तेव्हा चित्रं कोड करायची ठरली. म्हणजे प्रत्येक जाहिरातीसाठी एक फॉर्म, चित्रात कोण आहे, बाळ कुणाजवळ आहे, बाप आहे का, बापाचा सांभाळण्यात सहभाग दिसतो का. हे दोन माणसांनी स्वतंत्रपणे करायचं आणि मग दोघांचं किती जुळतं ते बघायचं. त्यासाठी जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये दिलेलं एक माप आहे, कप्पा. नुसतं जुळणं नाही, योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढं वजा करून उरतं ते. एक म्हणजे पूर्ण एकमत, शून्य म्हणजे नाणं उडवून भरलं असतं तरी चाललं असतं. चाचणीपुरता मी नवऱ्यालाच बसवला, शंभर जाहिराती दिल्या. बाकी सगळं बरं होतं, पण बापाच्या सहभागाच्या प्रश्नाला आमचा आकडा 0.4 च्या आसपास आला. मी वैतागून म्हटलं, "आपला कप्पा फार कमी आलाय." आतून सासूबाई, "कपाटाचा? मी सांगितलं होतं सुताराला, मधली फळी वर घ्या म्हणून."

मग आम्ही रात्री जेवणं झाल्यावर एकेक जाहिरात काढून भांडलो. खरंच भांडलो. त्याने जिथे जिथे बाप दिसतो तिथे तिथे 'सहभाग आहे' टिक केलं होतं. मी म्हटलं तो नुसता उभा आहे. तो म्हणाला पण हसतोय ना बाळाकडे बघून, चांगला बाप आहे. मी म्हटलं त्याचे हात बघ. आणि मग आम्ही दोघंही फक्त हात बघायला लागलो. एकाचा हात बायकोच्या खांद्यावर. एकाच्या हातात पेपर. एकाचे दोन्ही हात मागे, तपासणीला आलेल्या साहेबासारखे. एकाचा हात खिशात. आईचा एक हात बाळाच्या पाठीखाली, दुसरा चमच्यावर, आणि डबा धरायला तिसरा हात हवा म्हणून डबा खाली वेगळा छापलेला. नवरा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बाउंड्री कंडिशनमध्ये नाहीये हा माणूस. ह्याला काढलं तरी स्ट्रक्चर उभं राहतंय."

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात जाहिरातींतल्या बायका-पुरुषांच्या देहबोलीवर लिहिलंय, त्यात हे आहे, की कुटुंबाच्या चित्रात बाप बाकीच्यांच्या वर्तुळाच्या किंचित बाहेर उभा असतो, राखणदारासारखा. मी ते कोर्सवर्कला वाचलेलं होतं. वाचून पुढे गेले होते. फॉर्ममधला प्रश्न मी बदलला, 'सहभाग दिसतो का' काढून टाकला आणि 'हात कशावर आहेत' घातला. मॅडमनी नवऱ्याला कोडर म्हणून नापास केलं, घरचा माणूस चालणार नाही म्हणाल्या, रास्तच आहे. मग एमएच्या एका मुलीबरोबर सगळं परत केलं आणि आकडा 0.8 च्या वर गेला. हाताबद्दल फारसं दुमत होत नाही, तो असतो किंवा नसतो.

याच दरम्यान मला दिवस राहिले. म्हणजे 2021. प्रबंध आईवर आणि मी उलट्या करतेय, असं सगळं. मैत्रिणी म्हणायच्या वा, फील्डवर्क.

सातव्या महिन्यात माहेरी साताऱ्याला निघालो. मी पुढे बसले होते, बेल्टचा खालचा पट्टा पोटावर टोचत होता म्हणून मी तो वर सरकवून पोटाच्या मधोमध घेतला. शिरवळच्या अलीकडे नवऱ्याचं लक्ष गेलं आणि त्याने गाडी सरळ बाजूला घेऊन थांबवली. खाली उतरला, माझ्या बाजूला आला आणि पट्टा खाली ओढून पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवरून बसवला, वरचा पट्टा छातीच्या मधून पोटाच्या कडेने. म्हणाला पोटावर कधीच घ्यायचा नाही, धक्का बसला तर गर्भाशय ताणलं जातं पण वार तेवढी ताणली जात नाही, ती सुटू शकते. मी विचारलं हे तू मॉडेलमध्ये बघितलंस? तो म्हणाला नाही, पेपरमध्ये वाचलं. मग तुझ्या मॉडेलमध्ये पोट नसतं का? तो म्हणाला, "हायब्रिड थ्री आहे. पुरुष." 1976 साली जनरल मोटर्सने काढलेली ती डमी, म्हणजे धडकेच्या चाचणीत गाडीत बसवायचा पुतळा, पाच फूट नऊ इंच, साधारण 78 किलो. मी पाच फूट दोन. मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या अख्ख्या गाडीत आई नाहीये, आणि माझ्या अख्ख्या गठ्ठ्यात आईशिवाय कुणी नाहीये."

खंबाटकी घाट चढेपर्यंत तो काही बोलला नाही.

त्याच्यापुरतं त्याचं समर्थन होतंच, आणि ते चूक नाही. जी डमी टेस्टला बसवतात तीच मॉडेलमध्ये घ्यावी लागते, नाहीतर ताडून काय बघणार. आपल्याकडे 2023 च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी चाचणी, सुरू झालं, त्यातही समोरून 64 किलोमीटर वेगाने धडक देताना पुढच्या सीटवर हाच पठ्ठ्या बसतो. बाईची डमी आहे, पण जी जुनी आहे ती पुरुषाचीच मापं लहान करून बनवलेली, पाच फुटी, जेमतेम 50 किलोची. सरासरी बाईच्या मापाची म्हणून मुद्दाम घडवलेली डमी स्वीडनमध्ये 2022 ला तयार झाली. आणि गरोदर बाई? व्होल्वोने 2002 च्या सुमारास कॉम्प्युटरवर एक केली होती, तिचं नाव लिंडा. मिशिगन विद्यापीठाने एक खरीखुरी डमी बनवली. सापडायला गेलं की सापडतात, पण नियमात नाहीत. तो ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्याचा मूळ कोड 1976 ला अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या लॅबमध्ये बॉम्ब जमिनीवर आदळल्यावर काय होतं ते बघायला लिहिलेला. मी म्हटलं चला, बॉम्बचा नंबर आधी लागला.

मुलगी झाली. मग रजा. यूजीसीच्या नियमात पीएचडी करणाऱ्या बाईला पूर्ण काळात एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळू शकते, हे 2016 च्या नियमावलीतही होतं, 2022 च्यातही आहे, शिवाय मुदतीतही दोन वर्षांची सवलत. मी प्रिंट घेऊन गेले. टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्हाला फेलोशिप नाही, पगार नाही, मग रजा कशाची?" मी म्हटलं संशोधनातून. ते म्हणाले संशोधनात हजेरी कुठे असते. दीड महिना कागद या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी मंजुरीचं पत्र आलं त्यात 'रजा' शब्दच नव्हता, 'संशोधन कालावधीतील खंड' असं होतं. खंड. मी ते पत्र प्रबंधाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून ठेवलंय, परिशिष्टात घालायची फार इच्छा होती, मॅडमनी घालू दिलं नाही.

नवऱ्याला अर्थातच कुठलाही खंड पडला नाही, पण खोटं कशाला बोला, रात्रीची पाळी त्याची असायची. मुलगी पोटावर पालथी, एका हाताने थोपटायचं आणि दुसऱ्या हाताने जॉब बघायचा. त्याच्या विषयातली एक गोष्ट मला तेव्हा नीट कळली. धडकेचं गणित करताना गाडीचे लाखो छोटे तुकडे करतात, एलिमेंट, आणि वेळेचेही तुकडे करतात. एका वेळी किती पुढे सरकायचं हे ठरवतो सगळ्यात लहान एलिमेंट. पत्र्याचा एलिमेंट पाच मिलिमीटरचा असेल, पोलादातून लहर सेकंदाला साधारण पाच हजार मीटर जाते, म्हणजे एका सेकंदाचा दहा लाखावा भाग एवढंच पाऊल टाकता येतं. धडक संपायला 120 मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक लाख वीस हजार पावलं. आणि कुठल्या कोपऱ्यात चुकून एक मिलिमीटरचा एक एलिमेंट राहून गेला तर तो एकटा अख्ख्या गाडीला पाचपट वेळ लावतो. 1928 सालची अट आहे ही, कुरांट आणि दोघा गणितज्ञांची, तिच्यातून सुटका नाही. मी म्हटलं हे मला शिकवायची गरज नाही, आपल्या घरात सगळ्यात लहान कोण आहे बघ आणि अख्खं घर कोणाच्या पावलाने चाललंय बघ. यावर एक चोरवाट असते म्हणे, त्या लहान एलिमेंटचं वजन मुद्दाम वाढवायचं, मग जरा मोठं पाऊल टाकता येतं. ते खातं सासूबाईंकडे होतं. नाचणीसत्व, खिमट, वरून तूप.

सासूबाईंनी एक दिवस अल्बम काढला. नवऱ्याचा सहा महिन्यांचा असतानाचा फोटो, सांगलीच्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा, तळं आणि हंस. बाळ ऐटीत बसलंय. मी म्हटलं सहाव्या महिन्यात एवढं ताठ बसत होता? तेव्हा त्यांनी बोट ठेवलं. बाळाच्या कुशीला, सतरंजीच्या घडीत, चार बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या. "फोटोवाला म्हणाला तुम्ही मागे लपा, फक्त धरून ठेवा. कंबर मोडली होती माझी." चाळीस वर्षं तो फोटो त्या घरात भिंतीवर होता, नवऱ्याने रोज बघितलेला. त्याने तो हात कधी पाहिलाच नव्हता. मीही नाही, आणि मी हात मोजणारी बाई.

व्हायवा झाली गेल्या वर्षी. बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. त्यांनी विचारलं, "संशोधनाच्या काळात तुम्ही स्वतः आई झालात, मग वस्तुनिष्ठता कशी राखली?" मी रिच, गॉफमन, कप्पा असं सगळं व्यवस्थित सांगितलं, ते समाधानाने मान हलवत होते. खरं उत्तर रिक्षात बसल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे. आई व्हायच्या आधी मी तो बाळंतिणीचा प्रश्न विचारला नव्हता, आणि झाल्यावरही माझा मी विचारला नसता, तो तांदूळ निवडताना दुसऱ्याच आईने विचारला होता. बाकी मग पेढे, शोधगंगा या प्रबंधांच्या साइटवर पीडीएफ, बाइंडिंगवाल्याकडे सोनेरी अक्षरात नाव, त्यात त्याने मातृत्वाचा एक त खाल्ला तो परत करून घेतला.

प्रबंध हातात आला तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून आधी चित्रं बघितली. डब्याच्या जाहिरातीशी थांबल्या. "हाच तो," म्हणाल्या, "ह्याचं झाकण फार घट्ट लागायचं."

नवऱ्याच्या गाइडने गरोदर मॉडेल घ्यायला नाही सांगितलं, व्याप्तीबाहेर जातं म्हणून, पण पाच फुटी बाईचा एक चॅप्टर घ्यायला होकार दिलाय. तिला बसवल्यावर वरचा पट्टा पार गळ्याजवळून जातो म्हणे, सीट पुढे घ्यावी लागते, सगळा बेल्ट नव्याने बसवावा लागला. शेवटचा रन लावून तीन दिवस झाले, सर्व्हरच्या रांगेत नुसतं पेंडिंग दाखवतंय. सासूबाई रोज सकाळी चहा गाळताना विचारतात, "काय रे, लागला का जॉब?"